हवा भरूनही टायर प्रेशरचा दिवा परत परत लागतोय? आधी तो कधी लागतो ते बघा

हवा भरली की दिवा जातो. आठवडाभर काही त्रास नाही, मग एका सकाळी गाडी सुरू केली की डॅशबोर्डवर तोच पिवळा दिवा, मधल्या उद्गारचिन्हासकट. पुन्हा पंप, पुन्हा हवा. या फेऱ्यात अडकलेले अनेक जण माझ्या ओळखीत आहेत. कुणी घाईने सेन्सर बदलून घेतले, कुणी चारही टायरमध्ये ४० पीएसआय (पंपावर हवेचा दाब मोजतात ते एकक) हवा मारून दिवा गप्प केला, कुणी त्याच्याकडे बघणंच सोडून दिलं. पहिल्याचे पैसे वाया गेले, बाकीच्या दोघांनी जीव धोक्यात घातला. हवा कमी का झाली, किंवा कमी न होताच गाडीला तसं का वाटलं, ते शोधल्याशिवाय हा दिवा कायमचा जात नाही. आणि ते शोधायला बहुतेक वेळा सर्व्हिस सेंटरला जावंही लागत नाही. हवा मोजायचं एक गेज, साबणाचं पाणी आणि आकडे लिहायला मोबाइल एवढं पुरतं.

सुरुवात दिव्याच्या वागण्यापासून करा. गाडी सुरू करताना तो क्षणभर लागून विझला तर ती त्याची नेहमीची तपासणी आहे, काळजी नको. लागला आणि लागूनच राहिला, तर गाडीच्या हिशेबाने कुठल्या तरी चाकात हवा कमी आहे. पण मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर यंत्रणेतच बिघाड आहे: सेन्सरची बॅटरी संपली, सेन्सर तुटला, किंवा सेन्सर नसलेली स्टेपनी लावलेली आहे. लुकलुकणाऱ्या दिव्यासाठी कितीही हवा भरली तरी तो जाणार नाही.

दुसरी गोष्ट, आपल्या गाडीत कुठली यंत्रणा आहे ते माहीत करून घ्या. एका प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, वॉल्व्हला लागून, खराखुरा सेन्सर असतो आणि स्क्रीनवर चारही चाकांचे आकडे वेगवेगळे दिसतात. दुसऱ्या प्रकारात चाकात काहीच नसतं. एबीएसचे, म्हणजे ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे सेन्सर चाकं किती वेगाने फिरतात ते मोजतात. हवा कमी झालेल्या टायरचा घेर किंचित घटतो, ते चाक इतरांपेक्षा जरा जास्त फिरतं आणि त्यावरून गाडी अंदाज बांधते. टाटाच्या काही गाड्यांच्या माहितीपत्रकात 'आयटीपीएमएस' लिहिलेलं असतं, ते हेच. स्क्रीनवर आकडे दिसत नसतील, नुसता दिवा असेल, तर बहुतेक दुसरा प्रकार समजा आणि मॅन्युअलमध्ये खात्री करून घ्या. दोन्ही प्रकारांतल्या दुखण्यांची कारणं वेगळी असतात.

सकाळी लागतो, ऑफिस येईपर्यंत जातो

डिसेंबर-जानेवारीत सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. माझ्या मावसभावाची गाडी नाशिकला असते. थंडी पडली की रोज सकाळी दिवा, आणि सातपूरला कंपनीच्या गेटपाशी पोचेपर्यंत दिवा गायब. त्याला खात्रीच होती की सेन्सर वेडा झालाय. सेन्सर अगदी बरोबर सांगत होता.

हवा थंड झाली की तिचा दाब उतरतो. साधारण पाच-सहा अंशांना एक पीएसआय, असा हिशेब धरा. आता बघा. मुंबईहून भर दुपारी आलेल्या गाडीच्या टायरमधली हवा ५० अंशांपर्यंत सहज तापलेली असते. त्याच अवस्थेत नाशिकच्या पंपावर थांबून ३३ पीएसआय हवा भरून घेतली. मशीन वाजलं, आकडा बरोबर दिसला, सगळं छान. दुसऱ्या दिवशी पहाटे पारा १० वर. टायरमधून हवेचा कणही गेलेला नाही, तरी आतला दाब २७ च्या आसपास आलेला असतो. कंपनीने सांगितलेल्या आकड्याच्या २० ते २५ टक्के खाली गेलं की बहुतेक गाड्यांत दिवा लागतो. ३३ च्या हिशेबाने ही रेषा साधारण २५ ते २६ वर येते. २७ म्हणजे काठावरच. त्यात पंपाचं गेज एक-दोन पीएसआय जास्त दाखवणारं असेल, तर झालंच काम. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालली की टायर तापतात, दाब वर चढतो, दिवा विझतो. संध्याकाळी घरी येताना पुन्हा गरम टायरमध्ये हवा 'चेक' केली जाते, ती पुरेशी दिसते, म्हणून भरली जात नाही. सकाळी पुन्हा तेच.

हवा थंड टायरमध्येच मोजायची. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी आहे आणि टायरवर ऊन पडत नाहीये. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत जो आकडा चिकटवलेला असतो, तो थंड टायरचाच असतो. तिथे बहुधा दोन रकाने असतात, दोन-तीन माणसांसाठी एक आणि भरलेल्या गाडीसाठी एक. गणपतीला पाच माणसं, सामान आणि डिकीत नारळाचं पोतं घेऊन गावाहून परतताना दुसरा रकाना बघायचा. टायरच्या बाजूवर कोरलेला मोठा आकडा, ४४ किंवा ५१ असा, ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे. तेवढी हवा भरायची नसते. आकडे बारमध्ये असतील तर २.३ बार म्हणजे साधारण ३३ पीएसआय.

पंप घरापासून लांब असेल तर तिथे पोचेपर्यंत टायर तापणारच. त्यावर सोपी युक्ती आहे. सकाळी घरीच गेजने मोजा. समजा २८ आले आणि पाहिजेत ३३, म्हणजे ५ कमी. पंपावर पोचल्यावर त्याच गेजने त्याच चाकाची हवा ३१ दिसली, तर ३१ अधिक ५, म्हणजे ३६ पर्यंत भरा. थंड झाल्यावर ते आपोआप ३३ वर येईल. गरम टायरमध्ये आकडा जास्त दिसतोय म्हणून हवा काढून टाकणं मात्र कटाक्षाने टाळा. पंपावरचा मुलगा तत्परतेने काढतो, त्याला थांबवा.

चारपाचशे रुपयांचं डिजिटल गेज गाडीत कायम असावं, हे माझं ठाम मत आहे. ते अगदी अचूक नसलं तरी चालेल. दर वेळी तेच गेज वापरलं की फरक खरा कळतो, आणि आपल्याला फरकच हवा असतो. बारा व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर घेतलात तर आणखी चांगलं, घरीच सकाळी भरता येते.

जाता जाता नायट्रोजनबद्दल. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. नायट्रोजन कोरडा मिळतो आणि तो जरा हळू झिरपतो, एवढा फायदा आहे. पण थंडीने दाब उतरतो तो नायट्रोजनचाही तितकाच. सकाळच्या दिव्यावर तो उपाय नाही.

एकाच चाकात दर वेळी कमी

आता खरं शोधकाम. चारही चाकं थंड असताना, रोज शक्यतो त्याच वेळी, मोजून आकडे लिहून ठेवा. चारही एकसारखे खालीवर होत असतील तर ते हवामान. निरोगी टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा झिरपते, ते धरून चाला. पण तीन चाकं जागेवर आणि एकच रोज खाली सरकत असेल, तर गळती आहे. ती किती वेगाने सरकते हेही महत्त्वाचं. रात्रीत चार-पाच जात असेल तर गाडी तशीच लांबच्या प्रवासाला काढू नका.

गळतीच्या मोजक्याच जागा असतात, आणि स्वस्तात तपासता येणारी जागा आधी बघायची. वॉल्व्हची टोपी काढा. पंक्चरवाले बोटाला थुंकी लावून वॉल्व्हच्या तोंडावर फिरवतात, आपण साबणाच्या पाण्याचा थेंब सोडू. बुडबुडा फुगत आला तर आतली पिन गळते आहे. ती घट्ट करणं किंवा बदलणं पाच मिनिटांचं काम. मग वॉल्व्हची रबरी नळी हलकेच चारही बाजूंना वाकवून बघा. बुडाशी भेगा दिसल्या किंवा वाकवताना फुस्स आवाज आला तर वॉल्व्ह नवा हवा. नवे टायर घालताना जुनेच वॉल्व्ह ठेवले असतील तर हे फार वेळा होतं. टायरवर हजारो रुपये खर्च करून वॉल्व्हचे थोडके पैसे वाचवू नका.

बाजारातून आणून लावलेली यंत्रणा असेल, म्हणजे वॉल्व्हच्या टोपीच्या जागी सेन्सर आणि काचेवर सोलरचा छोटा डबा, तर संशय आधी त्या टोप्यांवर घ्या. ती टोपी आतली पिन दाबून उघडी ठेवते, तेव्हाच तिला दाब कळतो. म्हणजे हवा अडवायचं सगळं काम टोपीतल्या चिमुकल्या रबरी चकतीवर आलं. ती चकती उन्हाने कडक झाली की इशारा देणारी वस्तूच हवा घालवायला लागते. टोपी काढून साधी लावा, तीन-चार दिवस मोजा, उलगडा होईल.

त्यानंतर टायरचा रस्त्याला टेकणारा भाग. गाडी पुढे-मागे सरकवत पूर्ण घेर बघा, खाचांत अडकलेला खिळा, स्क्रू, तारेचा तुकडा. आतच राहिलेला खिळा भोक बऱ्यापैकी बुजवून धरतो, म्हणून गाडी उभी असताना हवा जात नाही आणि चालताना जाते. खिळा दिसला तर घरी उपटू नका, तसंच पंक्चरवाल्याकडे जा. जुनं पंक्चर असेल तर त्याच्यावरही साबणाचं पाणी टाका. बाहेरून खुपसलेली रबराची काडी काही महिन्यांनी आकसते आणि तिच्याच कडेने हवा निघते. माझ्या मते काडी ही घरी पोचण्यापुरती ठीक. टायर उतरवून, आतून घासून बसवलेला मशरूम पॅच, म्हणजे भोकात दांडा जाणारं छत्रीसारखं ठिगळ, हीच खरी दुरुस्ती, आणि तीही भोक टायरच्या मधल्या भागात व साधारण सहा मिलिमीटरपर्यंतचं असेल तरच. खांद्याला किंवा बाजूच्या भिंतीला भोक असेल तर टायर बदला. तिथे पॅच लावून देणारा पंक्चरवाला भेटला तरी लावून घेऊ नका.

आणि जिथे सगळे हात टेकतात ती जागा म्हणजे रिमची कड. कोकणातल्या गाड्यांना हे हमखास होतं. मालवणच्या एका मित्राच्या गाडीत मागच्या डाव्या चाकाची हवा दर आठवड्याला कमी व्हायची. खिळा नाही, वॉल्व्ह नवा, पंक्चरवाला म्हणे टायर ठणठणीत. शेवटी चाक उतरवून, आडवं ठेवून, रिम आणि टायर जिथे भिडतात त्या फटीत साबणाचं दाट पाणी ओतलं. बाहेरच्या बाजूने काहीच नाही. चाक पालथं करून गाडीकडच्या बाजूने ओतलं, तेव्हा मिनिटभराने वीतभर लांबीत बारीक पांढरा फेस वर यायला लागला. मोठा बुडबुडा एकही नाही, म्हणूनच पाण्याच्या टाकीत बुडवून घाईत बघताना तो कुणाला दिसला नव्हता. टायर उतरवल्यावर अलॉयच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या रिमच्या, कडेला रंगाचे पोपडे सुटलेले आणि खाली पांढरी भुकटी. खारट हवेने ॲल्युमिनियम खाल्लं की अशी भुकटी धरते, टायरची कड तिथे नीट बसत नाही आणि हवा मुंगीच्या पावलांनी निघून जाते. कड तारेच्या ब्रशने घासून, पुसून, बीड सीलर, म्हणजे टायरची कड आणि रिममधली फट बुजवणारं द्रव्य, लावून टायर पुन्हा चढवला. गळती बंद.

खड्ड्यात आदळल्यानंतर सुरू झालेली गळती असेल तर हीच तपासणी, पण नजर वाकलेल्या कडेवर आणि अलॉयच्या आतल्या बाजूच्या केसाएवढ्या तड्यावर ठेवा. टायरच्या बाजूला फुगवटा आला असेल तर दुरुस्तीचा विचारच नको, तो टायर बाद.

पंक्चरवाल्याला एक गोष्ट आधीच सांगायची: चाकात सेन्सर आहे. तो वॉल्व्हच्या मागेच बसलेला असतो, आणि मशीनवर टायर सोडवताना पात्याचा दाब त्याच जागी पडला तर तुटतो. वॉल्व्हपासून लांबच्या बाजूला दाब द्यायला सांगा. पंक्चर आपोआप बुजवणारं द्रव्य टाकायचा आग्रह झाला तर तेही नको म्हणा, त्याने सेन्सरचं तोंड चिकटून बंद होऊ शकतं.

हवा बरोबर आहे, तरी दिवा

गेजने चारही चाकं थंड मोजली, आकडे जुळतात, तरी दिवा. चाकात सेन्सर नसलेल्या गाडीत याचं पहिलं कारण म्हणजे रीसेट राहून गेलं. या यंत्रणेला दाबाचा आकडा कळतच नाही. 'आत्ताची अवस्था बरोबर आहे' असं आपण सांगितलं की ती त्या क्षणापासूनची चाकांची गती प्रमाण मानते. म्हणून हवा भरल्यावर, टायर बदलल्यावर, पुढची चाकं मागे घातल्यावर दर वेळी बटणाने किंवा स्क्रीनवरच्या मेनूतून रीसेट करायचं आणि मग थोडा वेळ नेहमीसारखी गाडी चालवायची, म्हणजे ती शिकते. एकच टायर नवा घातला तरी दिवा लागू शकतो, कारण नव्याची नक्षी खोल, घेर मोठा, आणि त्याच्या तुलनेत जुने तीन गाडीला 'बसलेले' वाटतात.

मात्र क्रम चुकवू नका: आधी थंड टायरमध्ये बरोबर हवा, मगच रीसेट. दिवा त्रास देतो म्हणून २६ वर असतानाच रीसेट दाबलं, तर गाडी २६ लाच योग्य समजून बसते आणि पुढचा इशारा फार उशिरा येतो. या प्रकारची आणखी एक मर्यादा आहे. चारही टायर सारखेच बसले तर तुलना करायला काही उरत नाही आणि दिवा लागायला वेळ लागतो, कधी लागतही नाही. अशा गाडीवाल्यांनी महिन्यातून एकदा हाताने हवा मोजलीच पाहिजे.

सेन्सरवाल्या गाडीत घोळ वेगळे. चाकं पुढे-मागे केली आणि गाडीला नवी जागा शिकवली नाही, तर स्क्रीनवर पुढचं डावं कमी दिसतं आणि प्रत्यक्षात मागचं डावं कमी असतं. माणूस पुढच्यातच हवा भरत राहतो. गाडी उभी असताना सेन्सर बॅटरी वाचवायला झोपलेले असतात, त्यामुळे हवा भरल्या भरल्या आकडा बदलत नाही; थोडं अंतर जरा वेगाने चालवा, मग बघा. सेन्सरमधली बॅटरी पाच ते दहा वर्षं टिकते आणि ती वेगळी बदलता येत नाही, पूर्ण सेन्सरच बदलावा लागतो. थंडीत मरायला टेकलेली बॅटरी आधी मान टाकते, म्हणून हिवाळ्यात अधूनमधून लुकलुकणं ही तिची पूर्वसूचना असते. दिवा फक्त एखादा स्वस्त चार्जर किंवा डॅशकॅम जोडल्यावरच लुकलुकत असेल तर तो काढून बघा. सेन्सर रेडिओलहरींवर बोलतात आणि अशा उपकरणांचा त्यांना अडथळा होऊ शकतो.

४० मारून टाकू नका, कमीही ठेवू नका

जास्त हवेने दिवा गप्प बसतो खरा, पण टायर मधल्या पट्ट्यातच झिजतो, ब्रेक लावताना पकड कमी पडते, आणि पावसाळ्यात ते फार महाग पडू शकतं. उलट उन्हाळ्यात 'हवा तापून टायर फुटेल' म्हणून मुद्दाम तीन-चार पीएसआय कमी ठेवणारे आहेत. त्यांना कळकळीने सांगतो, टायर फुटतो तो मुख्यतः कमी हवेनेच. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, उलगडतो, आणि त्या सततच्या दबण्या-उलगडण्याने आतून तापतो. समृद्धीवर ७०१ किलोमीटरचा सरळ सिमेंटचा रस्ता आहे, कारला ताशी १२० ची मुभा आहे, आणि मे महिन्यात वैजापूरच्या पुढे वरून आग ओकणारं ऊन. तिथे २६ पीएसआयचा टायर तासभर तसाच पळवणं म्हणजे त्याची सहनशक्ती संपवणं. निघायच्या सकाळी थंड टायरमध्ये कंपनीचा आकडा, गाडी भरलेली असेल तर दुसऱ्या रकान्यातला, बस्स.

चालत्या गाडीत दिवा लागला तर जोरात ब्रेक मारू नका, वेग हळूहळू उतरवा आणि सुरक्षित जागी बाहेर पडून चारही टायर डोळ्यांनी बघा. द्रुतगती मार्गाच्या कडेला चाक बदलत बसण्यापेक्षा पुढच्या पंपापर्यंत किंवा थांब्यापर्यंत सावकाश जाता येत असेल तर जा. टायर स्पष्ट बसलेला असेल तर एक मीटरही नको.

ऑक्टोबर २०२० पासून आपल्याकडे नियम असा आहे की साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, पंक्चरचं किट आणि ही इशारा यंत्रणा असेल तर स्टेपनी देणं सक्तीचं नाही. अनेक इलेक्ट्रिक गाड्या स्टेपनीशिवायच येतात. त्या वजनाने जड असतात, कमी हवेने एका चार्जमध्ये कापलं जाणारं अंतरही घटतं. किटमधला कॉम्प्रेसर घरी एकदा चालवून बघा आणि द्रव्याच्या बाटलीवरची मुदत तपासा. स्टेपनी असलेल्यांनी तिच्यातही हवा मोजा. तिच्यात सेन्सर नसेल तर कुणी कळवणार नाही. ती बारीक असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा, बहुधा ताशी ८०, पाळा.

एवढं करूनही दिवा येतच असेल तर सर्व्हिस सेंटरला जा, पण नुसतं 'दिवा लागतो' सांगू नका. लिहून ठेवलेले आकडे दाखवा: कुठलं चाक, थंड असताना किती, किती दिवसांत किती उतरलं, दिवा स्थिर की लुकलुकता. सेन्सर असतील तर स्कॅनर लावून चारही सेन्सरचा दाब आणि बॅटरीची अवस्था तुमच्यासमोर वाचायला सांगा. एका सेन्सरची बॅटरी गेली म्हणून चारही बदलायला सांगितले, तर गाडीचं वय बघून ठरवा. सात-आठ वर्षं झाली असतील आणि टायरही बदलायला आले असतील, तर चारही एकदम बदलणं परवडतं. गाडी तीन वर्षांची असेल, तर खराब झालेला तेवढा एकच बदलून घ्या आणि बाकी तिघांचे आकडे कागदावर मागून घ्या.